चौऱ्याऐंशीचा दगड



पंढरीच्या देवळात एक शिलालेख आहे. आपण त्याला शिलालेख म्हणत नाही, ‘चौऱ्याऐंशी’ म्हणतो. त्या दगडाला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, ही आपल्या आज्या-पणज्यांची श्रद्धा. किती पिढ्यांच्या पाठी त्या दगडाला लागल्या असतील, त्याची मोजदाद नाही. अक्षरे झिजली, कडा गुळगुळीत झाल्या. आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी आजीचा हात धरून तिथे पाठ लावली असेल, आणि त्या दगडावर काय लिहिले आहे हे विचारायचे मात्र राहून गेले असेल.

आज त्याविषयीच बोलू. आपण ज्या वास्तूत देवाला भेटतो, ती वास्तूही काही सांगते. ती कोणी उभी केली, कोणत्या मुलुखातून माणसे आली, कोण आत आले आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवले, हे सारे तिथे दगडात आहे.

त्या दगडावर मराठी आहे. काळ शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७. त्यात स्तोत्र नाही आणि राजाच्या पराक्रमाचे लांबलचक वर्णनही नाही. तो हिशेब आहे! विठ्ठलदेवाला नित्य फुले वाहिली जावीत, चंद्रसूर्य आहेत तोवर ही सेवा चालावी, यासाठी भक्तमंडळींनी जे द्रव्य दिले त्याचा तपशील. अमक्याने इतके दिले, तमक्याने तितके. आपल्या गावच्या सप्ताहात मंडपाच्या खांबाला वर्गणीची यादी लावतात ना, तशीच ही. फरक इतकाच की ती कागदावर असते आणि ही काळ्या पाषाणात आहे.

या यादीत देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव आहे. त्याचा करणाधिप हेमाद्री पंडित आहे, ज्याच्या नावावरून आपण जुन्या दगडी देवळांना हेमाडपंती म्हणतो. आणि त्यांच्याच ओळीत साधी माणसेही आहेत, ज्यांचे नाव याखेरीज इतिहासात कुठेच उरले नाही. एकाच दगडावर राजा आणि सामान्य भाविक फुलांच्या वर्गणीत सामील झालेले. आपल्या दिंडीत चालताना जो क्रम मोडतो, तो या यादीतही थोडासा मोडलेला दिसतो.

आता तारखा नीट पाहा. हा लेख शके ११९५ ते ११९९ या काळात कोरला जात होता. ज्ञानोबारायांचा जन्म परंपरेप्रमाणे शके ११९७चा. म्हणजे पाथरवटाची छिन्नी या दगडावर चालत असतानाच आपेगावला माउली जन्माला आली. नामदेवराय तेव्हा बाळपणात होते. आपण वारकरी पंथाची सुरुवात सांगताना बहुधा माउलींपासून सांगतो, पण माउलींनी डोळे उघडले तेव्हा पंढरीत देऊळ होते, देवाला नेमाने फुले होती आणि त्या फुलांसाठी पैसे देणारे लोकही होते. वाट आधीपासून मळलेली होती.

किती आधीपासून? देवळाशी निगडित आणखी दोन लेख आहेत. त्यांच्यावर ग. ह. खरे यांच्यासारख्या संशोधकांनी मोठ्या कष्टाने काम केले. पहिला शके ११११चा, म्हणजे ११८९ सालचा. यादव राजा पाचवा भिल्लम याच्या काळातला हा लेख इथल्या लहानशा देवळाची नोंद देतो. दुसरा शके ११५९चा, म्हणजे १२३७चा. तो सोळखांबीतल्या तुळईवर आहे. माउली, सोळखांबीतून रांग पुढे सरकताना आपले डोळे गाभाऱ्याकडे लागलेले असतात, वर कोण बघतो? पण डोक्यावरच्या त्या तुळईवर संस्कृत आणि कानडी कोरलेले आहे. होयसळ राजा वीर सोमेश्वर याने भीमेच्या काठी मुक्काम केला असताना देवाच्या सेवेसाठी एक गाव दान दिले, असे त्यात आहे. पुंडलिकाचाही उल्लेख आहे.

हे होयसळ कोण? दूर दक्षिणेत द्वारसमुद्र, आजचे कर्नाटकातले हळेबिडू, ही त्यांची राजधानी. तिथल्या देवळांचे कोरीवकाम पाहायला आज जगभरातून लोक जातात. आणि या होयसळांचे आमच्या यादवांशी नाते कसले होते? वैराचे. ज्या भिल्लमाच्या काळात ११८९चा लेख कोरला गेला, त्याच भिल्लमाची होयसळ राजा दुसरा बल्लाळ याच्याशी कृष्णा-तुंगभद्रेच्या मुलुखात मोठी लढाई झाली. सोमेश्वर हा त्या बल्लाळाचा नातू. आजोबाने यादवांशी तलवार लावली आणि नातवाने भीमेकाठच्या देवाला गाव दिले.

एकमेकांच्या मुळावर उठलेली दोन घराणी, दोन भाषा, आणि दोघांचे दान एकाच देवळाच्या दगडात. हे कोणी ठरवून केलेले नाही. ‘विविधतेत एकता’ हे शब्द आपण शाळेच्या भिंतीवर वाचतो. पंढरीत ते कोणी भिंतीवर रंगवलेले नाहीत, पण तुळईवर एक भाषा आहे आणि तिच्याच छायेत, खालच्या दगडावर दुसरी. हे देऊळ कोणा एका राजाचे, एका भाषेचे किंवा एका प्रांताचे कधी नव्हतेच, हे त्या दगडांतून सिद्ध होते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात हाच धागा फार खोलवर नेला आहे. ज्ञानोबारायांनी देवाला ‘कानडा’ म्हटले त्याचे निरनिराळे अर्थ आपण कीर्तनात ऐकतो. सगळे गोड आहेत. पण त्या शब्दामागे सोमेश्वराची तुळईही आहे, हे विसरू नये.

कानडी मुलुखाचे हे नाते एका दानपत्रावर संपले नाही. पुरंदरदास, विजयदास, जगन्नाथदास या हरिदासांच्या पदांची मुद्रा पाहा, तिच्यात विठ्ठल आहेच. पुरंदरदासांना पंढरीच्या देवळात खांबाला बांधले होते, ही कथा कर्नाटकातला भाविक जितक्या प्रेमाने सांगतो तितकीच आपण जनाबाईच्या दळणाची कथा सांगतो. सोळखांबीत गरुडखांबाला मिठी मारताना पुढचा यात्रेकरू कानडीत पुटपुटत असला, तर तो परका पाहुणा नाही. तोही माहेरीच आला आहे.

आणि तुंगभद्रेच्या काठी हंपीला गेलात तर विठ्ठलाचे एक देऊळ तिथेही उभे आहे. विजयनगरच्या राजांनी पंधराव्या-सोळाव्या शतकांत ते वाढवत नेले. दगडी रथ, ठोकला की सूर देणारे सडपातळ खांब, कृष्णदेवरायाच्या काळातली भर. तो दगडी रथ आज आपल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे, म्हणजे तो आपल्या सर्वांच्या खिशात आहे! आपल्या संप्रदायाची परंपरा सांगते की विजयनगरच्या राजाने पंढरीची मूर्ती तिकडे नेली आणि नाथमहाराजांचे पणजोबा भानुदासमहाराज यांनी ती परत आणली. आज हंपीच्या त्या भव्य देवळाच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. १५६५च्या लढाईनंतर विजयनगर ओस पडले, देऊळ राहिले, पूजा थांबली. १९८६मध्ये हंपीला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. लोक तिकीट काढून पाहायला जातात.

एक तुलना मनात येते ती बोलून टाकतो. हंपीला दगड जपला गेला, पण देव तिथे नाही. पंढरीला देव आहे, अखंड आहे, पण दगडाकडे आपले लक्ष नाही. दोन्हींत मला पंढरीच प्रिय, यात शंका नाही. तरी देव आहे म्हणून दगडाची हेळसांड चालेल, असे कोणत्या संतांनी सांगितले?

आता उत्तरेकडे वळू. महाद्वारातल्या पहिल्या पायरीवर आपण पाय देत नाही. नामदेवरायांनी सहकुटुंब समाधीसाठी ती जागा मागून घेतली, संतांचे पाय लागावेत म्हणून, अशी परंपरा. तेच नामदेवराय पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे. तिथली वास्तू आपल्या देवळासारखी नाही, ती शीख गुरुद्वाराच्या वळणाची, घुमटाची आहे, शेजारी तीर्थाचे तळे आहे. तिथे ‘बाबा नामदेव’ म्हणतात, माघात मेळा भरतो. गुरू ग्रंथ साहिबमध्ये नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतल्या काहींत विठ्ठलाचे नाव तसेच्या तसे आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला झाले, तेव्हा कित्येक मराठी माणसांना हे प्रथमच कळले.

नामदेवांनी देह कुठे ठेवला यावर दोन परंपरा आहेत. आपण पंढरी म्हणतो, ते घुमान म्हणतात. यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एका शिंप्याच्या नावाने भीमेकाठी एक पायरी आहे आणि पंजाबात घुमट आहे, दोन्ही ठिकाणी माणसे डोके टेकतात, एवढे मला पुरे आहे. तंजावरकडचीही अशीच मोठी गोष्ट आहे. तिकडे मराठी राज्य होते आणि अभंग तमिळ भजनी मठांत पोचले, पण आज तिकडे वळत नाही, जागा थोडी आहे.

नामदेव पायरीपाशीच थांबू, कारण तिच्या समोरच खरा कठीण प्रश्न उभा आहे.

इतका वेळ आपण दान देणाऱ्यांविषयी बोललो. दगड घडवणाऱ्यांचे काय? खाणीतला कातळ फोडणारे, घडीव चिरे काढणारे, तुळया दोरांनी वर चढवणारे, चुना मळणारे. यादवकाळातल्या बांधणीत दगड दगडावर असा बसवत की खाच आणि कूस जुळली पाहिजे, मध्ये चुन्याची गरजच नको, भारानेच भिंत उभी राहावी. हे काम करणारा पाथरवट काही कमी जाणकार नव्हता. आजचे देऊळ एकाच काळाचे नाही. जुन्या गाभ्याभोवती पुढच्या शतकांत मंडप, ओवऱ्या, शिखर अशी भर पडत गेली, बरेचसे बांधकाम सतराव्या-अठराव्या शतकांतले आणि त्यानंतरचे. म्हणजे पिढ्यान् पिढ्या पाथरवट, गवंडी, सुतार, बेलदार इथे राबले. त्यांच्यातल्या किती जणांची नावे आपल्याला येतात?

एकाचे येते. चोखोबांचे. ते देवळाचे काम करीत नव्हते. मंगळवेढ्याचे गावकूस बांधण्यासाठी त्यांना वेठीला धरले होते. शके १२६०मध्ये, म्हणजे १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि मजुरांबरोबर चोखोबाही तिच्याखाली गेले. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातून हाडे वेचायची तर चोखोबांची कोणती ओळखायची? परंपरा सांगते की ज्या हाडांतून विठ्ठल नाम ऐकू आले ती नामदेवांनी उचलली आणि पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली.

माउली, या प्रसंगावर आपण कीर्तनात रडतो. रडावे असाच प्रसंग आहे. पण त्या समाधीची जागाही नीट पाहा. ती देवळाबाहेर आहे. ज्याच्या हाडांत देवाचे नाव होते त्याची समाधी देवासमोर झाली, पण उंबऱ्याच्या अलीकडे. नामदेवांनी त्या काळात जे शक्य होते ते केले, आणि ते फार मोठे केले. त्यापुढे सहाशे वर्षे ती जागा तशीच एक प्रश्न होऊन राहिली. आपल्या वास्तूंचा वारसा सांगताना फक्त कोरीवकाम आणि शिखरे सांगितली तर अर्धाच इतिहास सांगितला. उंबरा हीही वास्तूच आहे.

आणि भिंतीखाली माणसे जाणे काही जुन्या काळातच राहिले नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये पावसाने थैमान घातले, त्या दिवसांत पंढरीत कुंभार घाटाजवळ नव्याने बांधलेली भिंत कोसळून सहा जीव गेले. महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीला हात जोडताना त्या सहा जणांचीही आठवण यावी असे मला वाटते.

त्या उंबऱ्याचा प्रश्न कुठल्या वास्तूत सुटला? देवळात नव्हे, एका मठात. १९४७च्या १ मे रोजी साने गुरुजींनी पंढरीचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण सुरू केले. गावात त्यांना बसायला जागा मिळणे सोपे नव्हते. तनपुरे महाराजांच्या मठाने जागा दिली. दहा दिवस गुरुजी तिथे होते, १० मे रोजी उपोषण सुटले, आणि देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी चोखोबांच्या लेकरांना विठोबाच्या पायांपर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. तनपुरे मठात कोरीव खांब किती, शिखर किती उंच, हे मी विचारत नाही. त्या मठाच्या भिंतींनी जे झेलले ते हेमाडपंती देवळाहून हलके नाही.

दुसरी वास्तू गाडगेबाबांची. देवळाच्या उंबऱ्यावर आपण अडवले जातो म्हणून पंढरीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांनी निजायचे कुठे? वाळवंटात, पावसात? गाडगेबाबांनी पंढरीत त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा उभी केली. स्वतः मात्र बाबा देवळात जाण्याचा आग्रह धरत नसत. पंढरीला येऊन ते वाळवंट झाडीत आणि कीर्तन करीत. पुढे ती धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. ज्या चोखोबांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्या नावाचे छप्पर पंढरीत उभे राहिले, आणि ते एका धोब्याने, लोकांच्या दिडक्या-पैशांतून बांधले. चौऱ्याऐंशीच्या दगडावरची फुलांची वर्गणी आणि ही वर्गणी, यांत साडेसहाशे वर्षांचे अंतर आहे. रीत एकच.

पंढरी म्हणजे फक्त देऊळ नव्हे, हे आपल्याला सांगायला नको. पंढरी म्हणजे घाट, मठ, वाडे, धर्मशाळा, फडांच्या जागा. नदीपात्रात पुंडलिकरायांचे देऊळ, ज्याच्या शिखरापर्यंत पूर चढतो आणि ओसरल्यावर ते पुन्हा तसेच दिसते. अहिल्याबाई होळकरांचा वाडा आणि त्यातले राममंदिर, शिंद्यांच्या बायजाबाईंनी उभारलेले द्वारकाधीशाचे देऊळ. होळकर इंदूरचे, शिंदे ग्वाल्हेरचे. माळव्याचा पैसा नर्मदा ओलांडून भीमेकाठी आला आणि दगड होऊन राहिला. शिवाय वासकर, देहूकर, आजरेकर, सातारकर अशा फडांच्या जागा. त्यांत खानदेश, कोकण, वऱ्हाड, मराठवाडा, बेळगाव-विजापूरकडची मंडळी एका ओळीत जेवायला बसतात.

या जुन्या मठांची बांधणी पाहिली आहे का? वरती माळवद, म्हणजे पांढऱ्या मातीचे धाबे. उन्हाळ्यात आत थंडावा, आषाढात पाऊस झेलणारे. खाली सागवानी कडीपाट. भिंती हात-दीड हात जाड, त्यात देवळ्या, देवळीत समई. मधला चौक मोठा, कारण मठ एका कुटुंबासाठी नव्हताच, शेकडो माणसे एका रात्रीत उतरायची होती. चौकात पंगत, चौकातच हरिपाठ, चौकातच निजणे. आणि मोठ्या दरवाजाला एक लहान दरवाजा, ज्यातून वाकून आत यावे लागते. त्याला म्हणतात दिंडी दरवाजा! आपल्या दिंडीशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध असो वा नसो, दिंडीतला माणूस त्यातून वाकूनच आत जातो, हे मला फार आवडते.

हे चौक आता कमी होत आहेत. माळवद गळते, मातीला वाळवी लागते, दुरुस्तीचा जाणकार मिळत नाही, वारसदारांत वाटण्या होतात. मग जुना वाडा पाडून सिमेंटची चार मजली इमारत उभी राहते, खोल्या, लॉक, बाथरूम. त्यात चूक काय, असे विचाराल तर सांगतो, बरेचसे बरोबरही आहे. आषाढीला लाखो लोक येतात. म्हाताऱ्या वारकरी बाईला शौचालयासाठी अंधारात नदीकडे जावे लागू नये, हे जुन्या कडीपाटापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि कोणी वास्तुप्रेमी याच्या उलट बोलला तर मी त्याचे ऐकणार नाही. पण बाथरूम बांधण्यासाठी चौक मोडावाच लागतो असेही नाही. आणि मोडायचाच असेल तर आधी त्याचे मोजमाप, फोटो, खांबांवरची अक्षरे, दगडावरची नावे उतरवून घ्यायला किती वेळ लागतो? देवळाच्या परिसराचा विकास, दर्शनाचा मार्ग, कॉरिडॉर यांवर गेली काही वर्षे पंढरीत मोठी चर्चा चालू आहे, विरोधही आहे. कोणी काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण जे पडेल ते नोंद न होता पडू नये, एवढे बोलण्याचा अधिकार प्रत्येक माळकऱ्याला आहे.

देवळातच घडलेली एक गोष्ट या बाबतीत मला धीर देते. २०२४च्या १५ मार्चपासून पदस्पर्श दर्शन बंद ठेवले होते, कारण देवळाचे जतनाचे काम सुरू झाले होते. गाभारा आणि चौखांबीवरचे नंतरच्या काळातले लेप, फरशा, चांदीचे पत्रे काढण्यात आले. हे सारे भक्तांनी प्रेमानेच बसवले होते. देवाला चांदी द्यावी, भिंत चकचकीत करावी, तेलरंग द्यावा, यात वाईट हेतू कोणाचा नव्हता. पण त्या प्रेमाखाली काळा पाषाण झाकला गेला होता, दगडाला श्वास घेता येत नव्हता. ते आवरण उतरल्यावर घडीव दगड, त्यावरची नक्षी, पाथरवटाच्या हाताची खूण पुन्हा दिसू लागली. २ जूनला पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झाले तेव्हा वारकऱ्यांनी जो गाभारा पाहिला तो त्यांच्या आजोबांनीही तसा पाहिला नसेल.

मूर्तीचेही असेच आहे. लाखो कपाळे, लाखो हात. देवाच्या चरणांची झीज थांबावी म्हणून वज्रलेप करावा लागतो, २०२०मध्येही केला गेला. आपले प्रेम दगडाला झिजवते आणि झाकतेही. चौऱ्याऐंशीचा दगड पाठी घासून गुळगुळीत झाला, गाभाऱ्याच्या भिंती चांदीने झाकल्या, दोन्ही कामे भक्तीनेच केली. पाठ घासू नका असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. माझ्या आजीने ज्या विश्वासाने पाठ लावली तो विश्वास मी कोण मोजणार? पण त्या दगडावर ज्यांनी आपली वर्गणी लिहिली, त्यांचेही मागणे होते की हे चंद्रसूर्य असेपर्यंत टिकावे. आजीचा विश्वास आणि त्यांचे मागणे, दोन्ही पाळायचे तर पाठीऐवजी हात जोडले तरी देव रागावणार नाही.

याच कामात, मे महिन्याच्या अखेरीस, देवळात एक तळघर सापडले. आत मूर्ती होत्या, पादुका होत्या, जुनी नाणी होती आणि बांगड्यांचे तुकडे. वर्तमानपत्रांनी मूर्तींचे फोटो छापले, ते योग्यच. मला मात्र बांगड्यांचे तुकडे जास्त आठवतात. चौऱ्याऐंशीच्या यादीत राजाचे नाव आहे, मंत्र्याचे आहे, भक्तांची आहेत. तशीच काच ल्यालेली कोणी बाई रांगेतून गेली असेल, आणि तिची खूण नावाने नव्हे, काचेने राहिली.

यंदा आषाढीला आपल्या दिंडीची राहुटी किंवा मठ जिथे असेल, तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बसा. विचारा की ही जागा फडाला कोणी दिली, कोणत्या सालात, चौकातला दगड कोणत्या खाणीतून आला, कडीपाट बसवायला सुतार कुठून आणला होता, आधी इथे उतरणारी मंडळी कोणत्या कोणत्या गावची होती, आणि कोणाला पूर्वी इथे उतरू देत नव्हते. शेवटचा प्रश्न विचारायला कचरू नका. जे सांगतील ते वहीत लिहा, तारीख घाला, आणि मठाच्या दाराचा, खांबांचा, माळवदाचा एकेक फोटो काढून त्या वहीत ठेवा. मठात जुनी ट्रंक असेल तर तिच्यातल्या सनदा, पावत्या, वर्गणीच्या याद्या बाहेर काढून उन्हात टाका. वाळवीने खायच्या आधी त्या कोणीतरी वाचल्या पाहिजेत.